जालकार्यांचे आभासीकरण आणि स्थानाचा प्रश्न : सातारा-सांगलीच्या संदर्भात

१

ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे भरलेल्या परिषदेच्या निमित्ताने तेरा दूरसंचार-कंपन्यांनी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. एटी अँड टी, व्हेरायझन, बीटी, डॉइच टेलिकॉम, ऑरेंज, टेलिफोनिका, चायना मोबाइल, एनटीटी, केडीडीआय, टेल्स्ट्रा ही नावे त्यांत होती. भारतातील एकही कंपनी त्यांत नव्हती. निवेदन आकाराने लहान आहे. परंतु त्यानंतरच्या दशकाहून अधिक काळात दूरसंचार-सेवेची जी पुनर्रचना झाली तिचे बीज त्यात आहे. यास्तव एखाद्या शास्त्राच्या मूलग्रंथाची चिकित्सा करावी तशी त्याची चिकित्सा करणे युक्त ठरेल.

निवेदनाचा आशय थोडक्यात असा. दूरसंचार-जालातील प्रत्येक कार्यासाठी तोवर स्वतंत्र यंत्र बसविले जात असे. ग्राहकाची ओळख पटविणारे यंत्र वेगळे, त्याच्या संदेशांना वाट दाखविणारे वेगळे, परक्या संदेशांना अटकाव करणारे वेगळे. प्रत्येक यंत्र विशिष्ट कारखानदाराचे. त्याला लागणारी जागा, वीज आणि जाणकार मनुष्यबळ हीही वेगळी. नवी सेवा सुरू करावयाची म्हणजे नवे यंत्र विकत घेणे आले, आणि ते जुने होण्याचा वेगही वाढत चाललेला. यावर निवेदनाने सुचविलेला उपाय असा की, ही सर्व कार्ये सॉफ्टवेअरच्या रूपाने लिहावीत व बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या सामान्य सर्व्हरवर चालवावीत. या विचारास ‘नेटवर्क फंक्शन्स व्हर्च्युअलायझेशन’ असे नाव मिळाले. मराठीत त्यास जालकार्यांचे आभासीकरण म्हणता येईल.

२०१२ च्या अखेरीस एट्सी या युरोपीय दूरसंचार-मानक संस्थेत या विषयाचा अभ्यासगट स्थापन झाला आणि पुढील वर्षी त्याचे पहिले दस्तऐवज प्रसिद्ध झाले. त्यांनी या रचनेचे तीन भाग कल्पिले. पहिला, सर्व्हर, साठवण आणि त्यांना जोडणारे दुवे यांचा पायाभूत थर. दुसरा, त्या थरावर चालणारी सॉफ्टवेअररूप कार्ये. तिसरा, कोणते कार्य कोठे, किती प्रमाणात व केव्हा सुरू करावयाचे अथवा थांबवावयाचे हे ठरविणारी नियंत्रक व्यवस्था. पुढील विवेचनात या तिसऱ्या भागाला विशेष महत्त्व आहे, म्हणून त्याची नोंद येथेच करून ठेवणे इष्ट.

‘आभासी’ या शब्दाविषयीही दोन शब्द अवश्य आहेत. आपल्या तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत आभास म्हणजे वस्तू नसता होणारी वस्तूची प्रतीती. येथे तसे काही नाही. संभाषण खरेच जोडले जाते, देयकाची नोंद खरीच होते. सुटतो तो एवढाच, कार्य आणि ठराविक पेटी यांचा नित्यसंबंध. म्हणून या प्रक्रियेला ‘यंत्रनिरपेक्षता’ म्हणणे अर्थाच्या अधिक जवळ गेले असते. पण ‘आभासी’ हा शब्द आता रूढ झाला आहे. तो सोडण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मात्र त्याने एक अपसमज रुजविला आहे. जे आभासी ते कोठेच नसते, आणि म्हणून कोठूनही चालते, अशी समजूत त्यातून होते. यंत्रनिरपेक्ष असणे म्हणजे स्थाननिरपेक्ष असणे नव्हे. या दोहोंतील भेद पुसला गेल्याने काय घडते, हे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या उदाहरणाने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

टीका करण्यापूर्वी श्रेय द्यावयास हवे. निवेदनातील मध्यवर्ती भाकीत खरे ठरले आहे. एटी अँड टीने २०२० पर्यंत आपल्या जालातील ७५ टक्के कार्ये सॉफ्टवेअररूप करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि ते गाठल्याचे जाहीर केले. जपानमध्ये राकुतेन मोबाइलने एप्रिल २०२० मध्ये आपली व्यापारी सेवा सुरू केली ती प्रारंभापासूनच आभासीकृत जालावर. जून २०१८ मध्ये पाचव्या पिढीच्या जालाचे जे मानक पूर्ण झाले, त्यात कोअर म्हणून ओळखला जाणारा जालाचा गाभा हा परस्परांना सेवा पुरविणाऱ्या सॉफ्टवेअर-घटकांचा समूह म्हणूनच कल्पिलेला आहे. ज्या मताची २०१२ मध्ये शिफारस करावी लागत होती ते सहा वर्षांत गृहीत धरले जाऊ लागले.

भारतातही हेच झाले. व्होडाफोन आयडियाने २०१९-२० च्या सुमारास रेड हॅट व आयबीएम यांच्या साहाय्याने आपल्या विखुरलेल्या जालस्थानांसाठी समाईक मेघव्यवस्था उभारली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीच्या सेवेचा प्रारंभ झाला. भारत संचार निगमच्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या जालाचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून झाले. त्यात सुमारे ९७,५०० टॉवरांचा समावेश होता. या जालाचा गाभा सी-डॉटने घडविलेला आहे, टॉवरवरील यंत्रणा तेजस नेटवर्क्सची आहे आणि जुळणीचे काम टीसीएसने केले आहे. तेव्हा आभासीकरण स्वीकारावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कोणत्या अटींवर स्वीकारले जात आहे, एवढाच प्रश्न शिल्लक आहे, आणि तो लहान नाही.

३

निवेदनावर ज्यांची नावे होती त्यांच्यापैकीच दोघांचा पुढील अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

पहिला अनुभव एटी अँड टीचा. एकाच कारखानदाराच्या यंत्रावर अवलंबून राहण्यातून सुटका हा निवेदनाचा एक प्रमुख हेतू होता. सर्व्हर सामान्य झाले, हे खरे. परंतु त्या सर्व्हरांवर आभासी यंत्रे निर्माण करणारा सॉफ्टवेअरचा थर सामान्य झाला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या परवान्यांची पद्धत बदलली. २०२४ मध्ये एटी अँड टीला सॉफ्टवेअरच्या देखभालीच्या हक्कासाठी न्यायालयात जावे लागले; पुढे त्या वादात तडजोड झाली. लोखंडी पेटीची बेडी काढली, तर तिच्या जागी परवान्याची बेडी आली. परावलंबन नाहीसे झाले नाही, त्याने केवळ थर बदलला.

दुसरा अनुभव केडीडीआयचा. जुलै २०२२ मध्ये जपानमध्ये या कंपनीची सेवा साठ तासांहून अधिक काळ विस्कळीत झाली आणि कोट्यवधी ग्राहकांना तिची झळ पोहोचली. कारण वरवर क्षुल्लक होते. नियमित देखभालीत संदेशांचा मार्ग ठरविणाऱ्या यंत्राची मांडणी बदलली गेली, त्यामुळे काही मिनिटे संभाषणे अडली, आणि मग असंख्य हँडसेटांनी एकाच वेळी पुन्हा नोंदणी मागण्यास प्रारंभ केल्यामुळे नोंदणीची मध्यवर्ती व्यवस्थाच कोंडली गेली. हा दोष आभासीकरणाचा म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्यातून एक सामान्य सिद्धान्त निघतो : कार्य जितके थोड्या ठिकाणी एकवटावे तितकी त्याच्या बिघाडाची व्याप्ती वाढते. पूर्वी एका गावचे दूरध्वनी-केंद्र बंद पडे तेव्हा ते गाव मुके होई. आता एक नोंदणी-व्यवस्था कोंडली की देश मुका होतो.

हे दोन्ही अनुभव महानगरांचे आणि महाकंपन्यांचे आहेत. जिल्ह्याच्या पातळीवर तिसरा एक प्रश्न उद्भवतो. त्याचा विचार निवेदनात नाही, आणि त्याच्या नंतरच्या भाष्यांतही तो अभावानेच आढळतो.

४

सातारा आणि सांगली हे जिल्हे कृष्णेच्या खोऱ्याने बांधलेले आहेत. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, कराड येथे तिला कोयना मिळते, आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा. दोन्ही जिल्ह्यांचा पश्चिम भाग अतिवृष्टीचा आहे. साताऱ्याच्या पूर्वेकडील माण-खटाव आणि सांगलीच्या पूर्वेकडील आटपाडी-जत हे तालुके मात्र अवर्षणग्रस्त आहेत. पुणे-बंगळूर महामार्ग या प्रदेशातून उत्तर-दक्षिण जातो, पण सांगली शहर त्या मार्गावर नाही. ते कृष्णेच्या पूर्व तीरावर आहे. महामार्गाकडून येणारा रस्ता असो वा ऑप्टिकल फायबर केबल असो, सांगलीत शिरण्यापूर्वी तिला नदी ओलांडावीच लागते. येथील दूरसंचाराचा विचार करताना हा भूगोल वगळता येत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये या भूगोलाने आपले अस्तित्व जाणवून दिले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. वीजपुरवठा खंडित झाला आणि पूरग्रस्त भागांत भ्रमणध्वनीची सेवा विस्कळीत झाली. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. रस्ते बंद झाल्यामुळे मदतपथकांना तेथे पोहोचण्यास विलंब लागला. अशा रात्री डोंगराच्या एका अंगाच्या वस्तीला दुसऱ्या अंगाच्या वस्तीशी, किंवा गावाला तालुक्याशी, बोलता येणे ही चैन नसते.

आता या प्रदेशात संभाषण कसे जोडले जात असे व कसे जोडले जाते, याची तुलना करावी. सी-डॉट ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि १९८६ मध्ये तिने १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित दूरध्वनी-केंद्र सिद्ध केले. पहिले केंद्र बसविले गेले ते सांगली जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे. वातानुकूलनावाचून, धुळीत आणि उन्हाळ्यात ते चालावे, ही त्याच्या रचनेतील पहिली अट होती. त्याचे आणखी एक वैशिष्ट्य त्या काळी कोणास मुद्दाम सांगण्याजोगे वाटले नसेल : बाहेरगावची तार तुटली तरी गावातील दोन दूरध्वनी एकमेकांशी जोडले जात, कारण जोडणारी बुद्धी गावातच होती.

पुढे स्थिर दूरध्वनीची ही केंद्रे आयपी-आधारित नव्या जालात विलीन करण्याचा कार्यक्रम भारत संचार निगमने हाती घेतला. भ्रमणध्वनीत तर प्रारंभापासूनच गाभा मोजक्या मोठ्या शहरांत एकवटलेला होता. अशा रचनेत पलूसच्या टॉवरखाली उभी असलेली दोन माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा नोंदणी, ओळख आणि जोडणी ही सारी कार्ये दूरच्या डेटा सेंटरात घडतात. ११२ या आपत्कालीन क्रमांकाचेही असेच आहे. महाराष्ट्रातील ही हाक आधी नवी मुंबई वा नागपूर येथील केंद्रात जाते आणि तेथून जिल्ह्याच्या पोलिसांकडे वळविली जाते. टॉवर उभा आहे, त्याच्या बॅटरीत वीज आहे, हँडसेट चालू आहे. पण मधली केबल तुटली आहे, एवढ्या एका कारणाने दोघे परस्परांस दुरावतात. कित्तूरच्या केंद्राला जे साधले होते ते त्याहून सहस्रपट समर्थ जालाला साधत नाही, ही विसंगती विचारात घेण्याजोगी आहे.

५

ही विसंगती आभासीकरणाने निर्माण केली असे म्हणता येणार नाही. मध्यवर्तीकरण त्याच्या आधीपासून चालू होते. उलट असे म्हणता येईल की, तिचे निवारण करण्याचे साधन प्रथमच आभासीकरणाने उपलब्ध करून दिले. निवेदनात स्पष्ट म्हटले आहे की, सॉफ्टवेअररूप कार्य नव्या यंत्राच्या उभारणीवाचून जालात पाहिजे त्या ठिकाणी सुरू करता येईल. म्हणजे जे कार्य पुण्यात चालते त्याचीच एक लहान आवृत्ती विटा किंवा दहिवडी येथील सर्व्हरवरही चालू शकते. तत्त्वतः स्थानाचे पूर्ण स्वातंत्र्य आहे. प्रश्न हा की, त्या स्वातंत्र्याचा उपयोग कोणत्या दिशेने केला जातो.

येथे निवेदनाची भाषा सूक्ष्मतेने पाहावी लागते. लाभांच्या यादीत भूगोलाचा उल्लेख आहे, पण तो विशिष्ट प्रदेशातील वा विशिष्ट वर्गातील ग्राहकांसाठी नवी सेवा आणण्याची सोय म्हणून. प्रदेश हा तेथे बाजाराचा विभाग आहे. तो तुटून वेगळा पडू शकतो, ही कल्पना त्या यादीत नाही. जालाच्या चिवटपणाचा विचार आव्हानांच्या यादीत येतो, आणि त्यावर निवेदनाचे उत्तर असे की, बंद पडलेले कार्य मागणीनुसार पुन्हा निर्माण करता येईल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. पुन्हा निर्माण करण्याची आज्ञा कोण देणार? ती देते नियंत्रक व्यवस्था, आणि ही व्यवस्था असते मध्यवर्ती ठिकाणी. जी केबल तुटली तिच्यावरूनच ती आज्ञा जिल्ह्यात पोहोचावयाची असते. जिल्ह्यातील सर्व्हरवर आधीपासून चालू असलेले कार्य चालूच राहील. पण जे तेथे नव्हतेच, किंवा त्याच रात्री कोसळले, ते पुन्हा उभे करण्यास कोणी नाही. मोडलेला पूल ओलांडून पलीकडे गेल्यावाचून दुरुस्ती करता येत नाही, असा हा पेच आहे.

आर्थिक ओढही मध्याकडेच आहे. सर्व्हर सामान्य झाल्याने बचत होते ती प्रामुख्याने ते एके ठिकाणी मोठ्या संख्येने ठेवल्यावर. कारण तेव्हाच एका कार्याची रिकामी क्षमता दुसऱ्यास वापरता येते, आणि वातानुकूलन, पहारा व जाणकार कर्मचारी यांचा खर्च वाटला जातो. तेच सर्व्हर तीस जिल्ह्यांत वाटले की ही बचत वितळते. ज्या तत्त्वज्ञानाने कार्याला कोठेही जाण्याची मुभा दिली त्याच्याच अर्थशास्त्राने त्याला एका जागी बांधून ठेवले, असा हा अंतर्विरोध आहे.

६

कार्य ग्राहकाच्या जवळ आणावे, असे म्हणणारा एक पक्ष आहेच. परंतु त्याचा युक्तिवाद बहुधा विलंबाचा असतो. सातारा-सांगलीच्या बाबतीत तो टिकत नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जाण्यास सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. पुणे-सांगली हे अंतर सुमारे २३० किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंदांहून कमी वेळ होतो. केबलचा मार्ग दुप्पट लांबीचा असला तरी हा आकडा पाचापर्यंत जाईल. संभाषण सुखकर वाटण्यासाठी एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. तेव्हा विलंबासाठी सांगलीत सर्व्हर ठेवा, असे म्हणणे केवळ अनावश्यक खर्च सुचविणे होय. जवळीक हवी ती वेगासाठी नव्हे, विच्छेदाच्या प्रसंगासाठी.

विच्छेदाचे गणित उदाहरणार्थ मांडून पाहावे. समजा, डेटा सेंटरातील गाभा ९९.९९९ टक्के वेळ उपलब्ध आहे. म्हणजे वर्षातून सुमारे सव्वापाच मिनिटेच बंद. समजा, जिल्ह्याला त्याच्याशी जोडणारी केबल ९९.५ टक्के वेळ शाबूत असते. जिल्ह्याच्या दृष्टीने सेवा दोहोंवर अवलंबून असल्याने ती वर्षाला सुमारे ४४ तास बंद राहील. गाभ्याच्या गुणवत्तेवर केलेला सारा खर्च जिल्ह्यास अदृश्यच राहतो. याला उपाय म्हणून दुसरी केबल टाकावी, तर दोन्ही केबली परस्परनिरपेक्ष आहेत असे धरून केबलींमुळे सेवा बंद राहण्याचा अवधी वर्षाला सुमारे तेरा मिनिटांवर येतो. हा फरक थक्क करणारा आहे, आणि म्हणूनच त्यातील गृहीत तपासले पाहिजे. दोन्ही केबली एकाच पुलावरून नदी ओलांडत असतील, किंवा एकाच महामार्गाच्या कडेच्या चरातून जात असतील, तर त्या दोन नव्हेत. पुराच्या आणि खोदकामाच्या दृष्टीने ती एकच केबल होय. निरपेक्षता कागदावरील नकाशात मोजून चालत नाही, ती नदीच्या पातळीत मोजावी लागते.

७

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१९ च्या पुरात सांगली शहरच पाण्याखाली होते. गाभ्याची कार्ये त्या शहरातील तळघरात वा तळमजल्यावर चालत असती, तर ती बुडालीच असती, आणि त्यांच्याबरोबर ग्राहकांच्या नोंदीही. दूरच्या डेटा सेंटरात असल्यामुळेच पाणी ओसरल्यावर सेवा पूर्ववत होऊ शकली, असे कोणी म्हटल्यास ते नाकारता येणार नाही. जुन्या दूरध्वनी-केंद्राचा गौरव करताना हेही स्मरले पाहिजे की, त्याची बुद्धी गावात होती म्हणून गावाबरोबर बुडण्याची आपत्तीही त्याच्या वाट्यास येई.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. ग्राहकाची ओळख पटविण्यासाठी जी गुप्त किल्ली लागते ती जिल्ह्याजिल्ह्यांतील सर्व्हरवर उतरवून ठेवणे धोक्याचे आहे. तिसरी अडचण विजेची. टॉवरची बॅटरी संपल्यावर आणि जनरेटरसाठी डिझेल पोहोचत नसता जवळच्या सर्व्हरचा काही उपयोग नाही.

या आक्षेपांनी मूळ मुद्दा खोडला जात नाही. तो अधिक नेमका होतो. मागणी जुने केंद्र परत आणण्याची नाही, संपूर्ण गाभा जिल्ह्यात हलविण्याचीही नाही. जिल्हा मध्यापासून तुटला असता किमान काय चालू राहिले पाहिजे, हे आधी ठरवून तेवढीच कार्ये जिल्ह्यात कायम जागती ठेवावीत, एवढीच ती आहे. असा विचार मानकांतही झालेला आहे. चौथ्या पिढीच्या मानकांच्या तेराव्या आवृत्तीत मध्याशी संबंध तुटलेल्या टॉवरांनी स्थानिक गाभ्याच्या आधारे परस्परांत सेवा चालू ठेवण्याची तरतूद आहे. ती सार्वजनिक सुरक्षेच्या कर्मचाऱ्यांपुरती आहे, आणि तिच्यात किल्लीचा प्रश्न स्वतंत्र स्थानिक ओळख देऊन सोडविलेला आहे. पोलीस, महसूल, आरोग्य आणि मदतपथके यांच्यापुरती ही सोय जिल्ह्यात करण्यास तांत्रिक अडसर नाही. सामान्य ग्राहकाच्या ११२ च्या हाकेचाही याच धर्तीवर विचार होऊ शकतो : मध्य गाठता येत नसेल तेव्हा ती जिल्ह्याच्या नियंत्रण-कक्षाकडे थेट वळावी.

स्थानाची निवडही येथील भूगोलच सुचवितो. सांगली जिल्ह्याची आपत्ती कृष्णाकाठी आहे, तर विटा आणि आटपाडी कृष्णेच्या पुराच्या आवाक्याबाहेर. साताऱ्याची आपत्ती पाटण-जावळीच्या डोंगरात आहे, तर दहिवडी आणि वडूज अवर्षणाच्या पट्ट्यात. ज्या तालुक्यांना पावसाने वंचित ठेवले त्यांनीच पुराच्या रात्री जिल्ह्याची वाचा राखावी, अशी ही योजना होईल. केबलचा एक मार्ग महामार्गाने आला, तर दुसरा पूर्वेकडून, पंढरपूर-आटपाडीच्या दिशेने, यावा; म्हणजे दोहोंची निरपेक्षता नावापुरती राहणार नाही.

८

मग हे आजवर का झाले नाही? कारण सेवेची गुणवत्ता सरासरीने मोजली जाते. महाराष्ट्रात मुंबई वगळता उर्वरित राज्य व गोवा मिळून एक परवाना-क्षेत्र आहे. एवढ्या विस्तीर्ण क्षेत्राच्या सरासरीत पाटणच्या एका खोऱ्यातील दोन दिवसांचे मौन सहज विरून जाते. कंपनीच्या दृष्टीने ते दोन दिवस अपवाद असतात. त्या खोऱ्याच्या दृष्टीने वर्षातील दूरध्वनीची खरी गरज त्या दोन दिवसांतच असते. तेव्हा आभासीकरणाच्या स्वीकाराची कसोटी बदलली पाहिजे. किती टक्के कार्ये सॉफ्टवेअररूप झाली, हा प्रश्न पुरेसा नाही. मध्याशी संबंध तुटल्यावर जिल्ह्यात किती कार्ये चालू राहतात आणि किती तास, हा प्रश्न निविदेत, परवान्यात आणि तपासणीत विचारला गेला पाहिजे. गाभा स्वदेशी असल्याने ही कसोटी लावणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. ज्या संस्थेने कित्तूरच्या धुळीत चालणारे केंद्र घडविले तिच्याकडून पुरात चालणाऱ्या गाभ्याची अपेक्षा करणे गैर नव्हे.

पदव्युत्तर अभ्यासकांस येथे भरपूर काम आहे. दोन्ही जिल्ह्यांतील केबलचे नदी ओलांडण्याचे बिंदू, टॉवरांच्या विजेचा टिकाव आणि आपत्तीच्या दिवसांतील सेवाखंडाचा तालुकावार अवधी यांची पद्धतशीर नोंद झाल्यास वर उदाहरणादाखल धरलेल्या आकड्यांच्या जागी प्रत्यक्ष मापे येतील आणि चर्चा अनुमानाच्या पातळीवरून पुराव्याच्या पातळीवर जाईल.

डार्मश्टाटच्या निवेदनाने यंत्राची सत्ता मोडली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु यंत्रापासून मुक्त झालेले कार्य अखेर कोठेतरी चालतेच. त्याला वीज लागते, छप्पर लागते, आणि ज्याच्यासाठी ते चालते त्या माणसापर्यंत पोहोचणारी एक न तुटलेली वाट लागते. ती वाट आयर्विन पुलाखालच्या पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे तोवर सांगलीपुरता स्थानाचा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.